मधमाशी गेली तर ताटातून काय जाईल?

दर २० मे रोजी जागतिक मधमाशी दिन असतो आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: पृथ्वीवरच्या मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, इति आइन्स्टाइन. आइन्स्टाइन असं कधी म्हणाल्याचा पुरावा नाही, आणि म्हणाला असता तरी ते चूकच ठरलं असतं. मधमाश्या गेल्या म्हणून माणूस उपाशी मरणार नाही. पोळी-भात मिळत राहील. पोळीबरोबर काय खायचं, हा प्रश्न मात्र उभा राहील.

हे समजून घ्यायला वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजारात, एक चक्कर मारली तरी पुरे. (मार्केट खरं तर तुर्भ्यात आहे, पण सगळे म्हणतात वाशीचंच.) मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या पोटात जाणारं बरंचसं इथून जातं, आणि सोय अशी की माल पाच बाजारांत वेगळा केलेला आहे: धान्य, कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं आणि मसाला. एकेका गेटातून आत शिरायचं आणि विचारायचं, यातलं काय मधमाशीवाचून पिकलं असतं?

आत शिरण्यापूर्वी शाळेतला धडा दोन ओळींत. फळ किंवा बी धरायचं तर फुलातले परागकण स्त्रीकेसरावर पोचावे लागतात. काही पिकं हे काम घरच्या घरी उरकतात, काही ते वाऱ्यावर सोडतात, आणि काहींना कुणीतरी ने-आण करणारा लागतो. हा ने-आण करणारा म्हणजे बहुतेक वेळा कुठली तरी माशी.

धान्य बाजारात गेलात तर मधमाशीचं नावही काढायची गरज नाही. गहू आणि भात स्वतःच्या फुलातले पराग स्वतःच वापरतात. मका, बाजरी वाऱ्यावर चालतात. हरभरा, मूग, उडीद यांचंही आपलं आपण भागतं. तुरीच्या पिवळ्या फुलांवर माश्या येतात, त्यांचा फायदाही होतो, पण त्यांच्यावाचून अडत नाही. साखरेचा ऊस तर कांडी लावूनच वाढवतात, फुलाचा संबंधच नाही. म्हणजे ज्यानं पोट भरतं, तो सगळा बाजार मधमाशीविना चालू राहील. चार वर्षांचा मेसेज इथेच खोटा पडतो.

कांदा-बटाट्यात थोडी गंमत आहे. बटाटा बटाट्यापासून उगवतो, लसूण पाकळीपासून. कांदाही आपण फुलावर येण्याआधीच उपटून खातो. पण त्या कांद्याचं बी कुठून आलं? बियाण्यासाठी शेतकरी निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावतो, त्यांना उंच दांडे फुटतात आणि दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोल गेंद येतो. नाशिककडे त्यांना डोंगळे म्हणतात. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे एका फुलाचं स्वतःशी जमत नाही. दुसऱ्या फुलावरून पराग आणायला माशी लागतेच. डोंगळ्यांच्या शेतात फुलं उमलल्यावर जोरदार फवारणी केली की बी कमी धरतं, आणि पुढच्या हंगामात बियाणं महागलं की कारण हवामानावर ढकलून मोकळे होतात. कोबी, फ्लॉवर, मुळा, गाजर यांचंही हेच. आपण पानं, गड्डे आणि मुळं खातो, पण त्यांच्या बियाण्याला किडा-माशीचा हात लागतो.

भाजीपाला आणि फळं या दोन बाजारांत मात्र चित्र पार बदलतं. काकडी, कारलं, भोपळा, कलिंगड, खरबूज या वेलवर्गात नरफूल वेगळं आणि मादीफूल वेगळं. पराग उचलून नेणारं कुणी आलं नाही तर फळ नाही, विषय संपला. सफरचंद, डाळिंब, पेरू, लिची यांचं कमी-जास्त प्रमाणात माश्यांवर चालतं. आंब्याचा मोहोर तर लाखो फुलांचा असतो आणि हजार फुलांत एखादं फळ टिकलं तरी पुष्कळ. तिथे मधमाशीपेक्षा साध्या माश्यांचा वाटा मोठा, ज्यांना आपण घाण म्हणून हाकलतो त्याच. सीताफळाचं काम तर इवले भुंगेरे करतात. उलट केळं आणि अननस यांना कुणाचीच गरज नाही. बिया न धरताच फळ वाढतं, म्हणूनच केळ्यात बी नसते. द्राक्षंही बहुतेक आपली आपण धरतात.

मसाला बाजारात मिरी, हळद, आलं निर्धास्त. वेलची मात्र मधमाशीशिवाय जवळपास धरतच नाही. धणे, बडीशेप, मोहरी यांचा भरही माश्यांवरच. आणि त्याच बाजारात पोत्यांनी येणारा बदाम, त्याची गोष्ट पुढे सांगतो.

पाचही बाजार फिरून झाले की हिशेब असा निघतो. जगातल्या महत्त्वाच्या पिकांच्या प्रकारांपैकी तीन-चतुर्थांश प्रकारांना प्राणी-कीटकांच्या परागीकरणाचा थोडाफार तरी उपयोग होतो. पण परागीकरण करणारे सगळेच गेले तर वजनाच्या हिशेबानं घट होईल ती साधारण ५ ते ८ टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं स्थापन झालेल्या जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय मंचाचा २०१६ चा अहवाल हेच सांगतो. तीन-चतुर्थांश आणि पाच-आठ टक्के हे दोन्ही आकडे खरे आहेत. भीती घालायची असेल तो पहिला सांगतो, हात झटकायचे असतील तो दुसरा. दोन्ही एकत्र ठेवले की कळतं, पोट भरणारं जात नाही, पोषण करणारं जातं. अ आणि क जीवनसत्त्व, फोलेट, हे सगळं ज्यातून येतं तो भाग आकारानं लहान आहे, पण तोच मधमाशीच्या हातात आहे. परागीकरण अपुरं पडल्यामुळे जगातली फळं, भाज्या आणि सुकामेव्याचं उत्पादन आजच ३ ते ५ टक्क्यांनी कमी आहे, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये मांडला. माणसानं दिवसाला ४०० ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. भाजी महागली की घरात पहिली कात्री तिलाच लागते, भाताला नाही. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनच्या डब्यात ती कात्री आपल्या आधी पोचते.

वाकडी काकडी

परागीकरण डोळ्यांनी पाहायचं असेल तर काकडीसारखं दुसरं पीक नाही. ठाण्या-घोडबंदरच्या इमारतींत कितीतरी लोक गॅलरीत ग्रोबॅगमध्ये काकडी, कारली लावतात. वेल छान वाढतो, पिवळी फुलं भरभरून येतात आणि मग तक्रार सुरू होते: फुलं येतात, बोटाएवढी काकडी दिसते, पिवळी पडते, गळते. खतं बदलून होतात, पाणी कमी-जास्त करून होतं.

फुलाकडे जवळून पाहा. काहींच्या मागे नुसता बारीक देठ असतो, ती नरफुलं. काहींच्या मागे देठाच्या जागी लव असलेली इवली काकडी असते, ते मादीफूल. ती काकडी दिसते म्हणजे फळ धरलं असं नाही. मादीफूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. तेवढ्या वेळात एक माशी एकदा येऊन भागत नाही, आठ-दहा भेटी व्हाव्या लागतात, कारण काकडीत जितक्या बिया तितके परागकण आत पोचायला हवेत. भेटी झाल्याच नाहीत तर काकडी गळते. निम्म्याच झाल्या तर ती वाकडी होते. ज्या बाजूला बिया धरल्या ती बाजू फुगते, दुसरी आक्रसते. पाण्याचा ताण बसला तरी काकडी वाकते, म्हणून वाकडी काकडी उभी चिरून बिया पाहायच्या. एका टोकाला भरलेल्या आणि दुसरीकडे नुसत्या सालपट असतील तर त्या फुलाकडे पुरेशा माश्या फिरकल्या नव्हत्या.

गॅलरीत उपाय सोपा आहे. सकाळी ताजं नरफूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि मधला पिवळा भाग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. दुधी आणि पडवळाला हे संध्याकाळी करावं लागतं, कारण त्यांची पांढरी फुलं तिन्हीसांजेला उमलतात आणि त्यांची गिऱ्हाईकं म्हणजे रात्री उडणारे पतंग. एका वेलाला हे जमतं. एकरभराला जमवायचं तर मजुरी किती, हा हिशेब ज्यानं त्यानं करावा. चीनच्या सिच्वान प्रांतात नाशपातीच्या बागांत माणसं शिडीवर चढून पिसांच्या काड्यांनी हे काम करत आलीत. मजुरी स्वस्त होती तोवर परवडलं.

बाजारात दिसणारी लांब, सरळ, बिनबियांची काकडी पॉलीहाऊसमधली असते. ती परागाशिवायच धरते, उलट मधमाशी आत शिरली तर बिया धरून ती टोकाला फुगते, म्हणून माश्यांना जाळीबाहेरच ठेवतात. म्हणजे मधमाशीवाचून शेती होतच नाही असं नाही. होते, पण मग जाळी, वेगळं बियाणं, वेगळा खर्च, आणि ते सगळं काकडीच्या भावात.

वांग्याचं आणखी निराळं. वांगं, टोमॅटो यांच्या फुलात पराग एका बंद नळीत असतात आणि नळीच्या टोकाला बारीक भोक. मिठाची डबी हलवल्यासारखं फूल हलवलं तरच पराग बाहेर सांडतात. वाऱ्यानं काही सांडतात. पण हे काम पक्कं करतो तो काळा भुंगा. तो फुलाला धरतो आणि पंख न हलवता अंगाचे स्नायू थरथरवतो. त्या वेळी त्याचा आवाज बदलतो, उडतानाच्या गुणगुणीपेक्षा बारीक आणि तीव्र होतो. गॅलरीत वांग्याचं रोप असेल तर सकाळी कान देऊन पाहा. आपल्या पेटीतल्या मधमाशीला हे जमत नाही.

मधमाशी म्हणजे नक्की कोण?

हा भुंगाही मधमाश्यांच्याच गोतातला. जगात या गोतातल्या माश्यांच्या २०,००० हून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या मध साठवणाऱ्या अगदी मोजक्या. आपल्याकडे टॉवरच्या छज्जाखाली मोठं उघडं पोळं करते ती आग्या. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत समांतर पोळी बांधते ती सातेरी, हिलाच पेटीत पाळतात. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढं पोळं करणारी फुलोरी. आणि डंख नसलेली, डासाएवढी पोया. पंजाब-हिमाचलकडून आलेली मेलिफेरा ही मूळची परदेशी, १९६० च्या दशकात इथे स्थिरावली. डाळिंबाच्या आणि कांदा बियाण्याच्या शेतात भाड्यानं पेट्या ठेवतात त्या बहुतेक हिच्याच.

बातम्यांत नेहमी घोळ होतो तो इथेच. जगात पाळीव मधमाश्यांच्या पेट्या कमी होत नाहीयेत, वाढतायत. अडचणीत आहेत त्या पेटीबाहेरच्या: बांधावरच्या मातीत बीळ करून राहणाऱ्या, वाळक्या लाकडात भोक पाडणाऱ्या, ज्यांना नावही नाही आणि ज्यांच्या नावानं दिनही नाही. पेट्या वाढवून त्यांची जागा भरत नाही. वांग्याला तर नाहीच.

ताटातून शेतात

आता मूळ मुद्दा. आपण काय खातो यानं या माश्यांना काय फरक पडतो?

मधमाशीला दोन गोष्टी लागतात, बारा महिने फुलं आणि राहायला न नांगरलेली, न फवारलेली जागा. एकाच पिकाचा पट्टा तिला महिनाभर श्रीखंडपुरी वाढतो आणि उरलेले अकरा महिने कडकडीत उपास. ऊस तर तेवढंही देत नाही, फुलायच्या आत तोडला जातो. पूर्वी हा उपास सुटायचा तो बांधावर. एकदांडी, टाकळा, तेरडा, बोर, करंज, कुणी न पेरलेलं काहीतरी सतत फुललेलं असायचं. तणनाशक स्वस्त झालं आणि निंदणीला माणूस मिळेना, तसे बांध स्वच्छ झाले. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, मजुरीचा दर कुणीही विचारून पाहावा.

ठाणे जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या, खुरासणीचं. मुरबाड, शहापूर, पलीकडे पालघरमधलं जव्हार, इथल्या डोंगरउतारांवर भात होत नाही अशा वरकस जमिनीत नागली, वरी आणि खुरासणी घेतात. घाटावर हिलाच कारळे म्हणतात, चटणी सगळ्यांना माहीत आहे. पाऊस ओसरला की हे उतार पिवळेधमक होतात. खुरासणीचं फूल स्वतःच्या परागानं बी धरत नाही, तिला माशी हवीच. आणि माशीलाही ती हवीच, कारण कोकणात भर पावसाळ्यात मधमाशीची उपासमार असते. पाऊस ओसरेपर्यंत पोळ्यातला साठा संपलेला असतो आणि नेमकी तेव्हा ही फुलं येतात. पाळणारे लोक त्या काळात पेट्या तिकडे नेतात. माशी पिकाला जगवते आणि पीक माशीला, एवढा सरळ व्यवहार.

देशात खुरासणीचं क्षेत्र मात्र घटत आलं. का? कारण तेल घेणारं कुणी राहिलं नाही. डोंगरातल्या घरांत याच तेलात स्वयंपाक व्हायचा. आता किराणा दुकानात पिशवीतलं तेल त्याहून स्वस्त मिळतं. भारत आपल्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो आणि पामतेलाचा आपण जगातला सर्वांत मोठा आयातदार. फरसाण, बिस्किटं, वेफर, हॉटेलातली भजी, जिथे लेबलवर नुसतं ‘खाद्य वनस्पती तेल’ असतं, तिथे बहुधा तेच. पामच्या झाडाला मधमाशी लागतच नाही. त्याचं परागीकरण एक आफ्रिकन सोंडकिडा करतो आणि १९८१ मध्ये तो मुद्दाम मलेशियात नेऊन सोडला होता. म्हणजे ठाणे स्टेशनबाहेर भजी तळली जातात त्याचा भार इंडोनेशिया-मलेशियातल्या जंगलावर पडतो आणि शहापूरच्या उतारावरचं पिवळं फूल कमी होतं. घाण्याचं खुरासणी तेल महाग आहे, तळणीला परवडणारही नाही. फोडणीपुरतं, चटणीपुरतं आणायला हरकत नाही. मोहरी, तीळ, सूर्यफूल ही तेलंही माश्यांच्या पिकांची आहेत.

दुसरी गोष्ट आपल्या नजरेची. वांग्याला एक अळी लागते, शेंडा आणि फळ पोखरणारी. भोक पडलेलं वांगं आपण भाजीवाल्याच्या टोपलीत परत टाकतो, मग तो पुढच्या वेळी घाऊक बाजारात तसा माल उचलत नाही, मग शेतकऱ्याला तो माल फेकावा लागतो. म्हणून वांग्यावर फवारण्यांवर फवारण्या होतात. आणि त्याच फुलावर तो भुंगा येतो. डाग नसलेली, एकसारखी, बारा महिने मिळणारी भाजी हवी, हा हट्ट फवारणीच्या पंपापर्यंत पोचतो. चार भोकं असलेली वांगी चिरून, किडका भाग टाकून भरीत करणारी आजी अजून घरात असेल तर तिला अडवू नका.

फवारणीबद्दल थोडं नीट सांगायला हवं. कीटकनाशकं मुख्यतः दोन तऱ्हांची. स्पर्शजन्य, म्हणजे अंगावर पडलं तर मारणारी. आणि आंतरप्रवाही, म्हणजे मुळातून किंवा पानातून आत शिरून झाडभर फिरणारी. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही दुसऱ्या जातीची. बियाण्याला चोळली तरी त्यांचा अंश पुढे फुलातल्या मधुरसात आणि परागात उतरू शकतो. तेवढ्यानं मधमाशी जागच्या जागी मरतेच असं नाही. तिच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो, ती घराची वाट विसरते. पोळ्याखाली मेलेल्या माश्यांचा खच पडत नाही, नुसत्या बाहेर गेलेल्या परत येत नाहीत. युरोपीय संघानं २०१८ मध्ये अशा तीन औषधांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी आणली. आपल्याकडे ती दुकानात मिळतात.

पण माझ्या मते औषध कुठलं, याच्याइतकाच औषध कधी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. फुलोऱ्यात आणि सकाळी माश्या कामावर असताना फवारलं तर साधं औषधही घात करतं. संध्याकाळी, माश्या परतल्यावर फवारलं तर स्पर्शजन्य औषधाचं नुकसान बरंच टळतं. सेंद्रिय म्हणून विकलं जाणारं प्रत्येक द्रावणही निरुपद्रवी नसतं, भर फुलोऱ्यात तेही नको. हापूसच्या बागायतदारांनाही मोहोर पूर्ण उमललेला असताना फवारणी टाळा, असाच सल्ला दिला जातो. मोहोराचा रस शोषणारा तुडतुडा मात्र नेमका तेव्हाच येतो, ही बागायतदाराची अडचणही खरी.

आता तो बदाम. जगातला साधारण ८० टक्के बदाम एकट्या कॅलिफोर्नियात होतो आणि भारत त्याच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी. तिथे बदामाच्या बागा इतक्या सलग आहेत की स्थानिक माश्यांना राहायला जागाच उरलेली नाही. त्यामुळे दर फेब्रुवारीत अमेरिकेच्या कानाकोपऱ्यातून २० लाखांहून जास्त पेट्या ट्रकवर लादून तिथे आणतात. एवढ्या माश्या एका जागी आल्या की रोग आणि गोचिडीसारखा व्हरोआ परजीवीही एकमेकांना वाटले जातात. फुलं संपली की खायला काही नाही, पेट्या पुन्हा ट्रकवर. सकाळचे भिजवलेले चार बदाम सोडून द्या असं मी म्हणणार नाही, माझेही सुटलेले नाहीत. पण बदामाचं दूध ‘निसर्गाला हलकं’ म्हणून विकतात, तेव्हा हे ट्रक डोळ्यांसमोर असावेत. शेंगदाण्याला मधमाशी लागत नाही आणि तो सौराष्ट्रातून येतो, कॅलिफोर्नियातून नाही.

मांसाहार-शाकाहाराचा वाद इथे फारसा कामाचा नाही. कोंबडीच्या खाद्यासाठी मका आणि सोयाबीनचे सलग पट्टे लागतात हे खरं, पण गुरं चरतात ती गायरानं माश्यांना फुलंही देतात आणि घरंही.

आणि मध? मध खाल्ल्यानं मधमाश्या वाचतात असं थेट नाही, पण कसला मध खाता यानं मधपाळ वाचतो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं बाजारातल्या नावाजलेल्या मधांचे नमुने तपासले, तेव्हा बऱ्याच नमुन्यांत साखरेच्या पाकाची भेसळ निघाली. पाक मधाच्या भावात विकला गेला की खऱ्या मधाचा भाव पडतो आणि पेट्या पाळणारा माणूस तो धंदा सोडतो. त्याच्याबरोबर आसपासच्या शेतांचं फुकट होणारं परागीकरणही जातं. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. तिथल्या बाटलीचा भाव पाहून आपण दचकतो. मध थंडीत गोठला, दाणेदार झाला म्हणून परत करायला जाऊ नका, खरा मधही गोठतो.

इथे, ठाण्यात

शहर मधमाशीसाठी वाटतं तितकं वाईट नाही. शेतातल्यासारखी फवारणी इथे होत नाही आणि झाडं निरनिराळी असतात. मोहोरानंतर शेवगा, मग करंज आणि जांभूळ, नारळ वर्षभर. ठाणे खाडीच्या काठची तिवरं उन्हाळ्याच्या शेवटाला फुलतात, तेव्हा त्यांच्यावर माश्यांची झुंबड असते. येऊरच्या डोंगरात सात-आठ वर्षांनी कारवी फुलते तो वेगळाच सोहळा. बिघडतं ते नव्या संकुलांत. लॉन, फॉक्सटेल पाम, कापून चौकोनी केलेलं फायकसचं कुंपण, यात मधमाशीला खायला काहीही नाही. बोगनवेलीचा रंग पाहायला छान, पण तिच्या त्या रंगीत पाकळ्या पाकळ्या नसून पानं आहेत आणि माश्या तिच्याकडे फारशा जात नाहीत. सोसायटीच्या सभेत झाडं ठरवायची वेळ आली तर एखादा करंज, एखादा शेवगा मागून घ्या. गॅलरीत तुळशीची मंजिरी सगळी खुडू नका, अर्धी राहू द्या. कोथिंबिरीची एखादी कुंडी फुलावर जाऊ द्या. वाळक्या बांबूचा तुकडा कोपऱ्यात पडला असेल तर भुंगा तो भाड्यानं घेईल.

राहिलं आग्या मोहोळ. कुणाच्या तरी विसाव्या मजल्याच्या खिडकीबाहेर ते लागतं आणि ग्रुपवर पेस्ट कंट्रोलचे नंबर फिरू लागतात. भीती खोटी नाही. आग्या खवळली तर जिवावर बेतू शकतं, लहान मुलं आणि ॲलर्जी असलेल्यांना विशेष. पोळं दाराजवळ किंवा जिन्याजवळ असेल तर ते हलवावं लागतं, आणि ते काम पेटत्या बोळ्याचं किंवा विषाच्या फवाऱ्याचं नाही, पोळं न मारता काढणाऱ्या प्रशिक्षित माणसाचं. पण सज्जाखाली, कुणाचा हात पोचत नाही अशा जागी असेल तर थोडं थांबून पाहा. आग्या कायमची राहायला येत नाही. ती हंगामानुसार फिरते, फुलं संपली की काही महिन्यांत सगळा थवा उठून निघून जातो. तोवर त्या बाजूची खिडकी बंद, जाळी लावलेली, आणि गॅलरीतला दिवा रात्री विझवलेला. आग्या चांदण्या रात्रीही उडते आणि दिव्याकडे येते, घरात शिरण्याचे बरेच प्रकार त्यामुळेच होतात. थवा गेल्यावर मागे मेणाचं रिकामं पोळं उरतं. ती जागा तिला पुढच्या वर्षी नको असेल तर ते खरवडून काढा. नुसतं सोडून दिलंत तर ती बहुधा त्याच छज्जाला परत येते.